घसरत्या रस्त्यावर गाडी ताब्यात राहते ती कशी: ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल समजून घेऊन वापरण्यासाठी

इगतपुरी मागे टाकून कसारा घाट उतरताना, जुलैच्या धुक्यात आणि संततधारेत, एखाद्या वळणावर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा दोन-तीनदा लुकलुकतो आणि विझतो. त्यावर एका लहानशा मोटारीचे आणि तिच्यामागे उमटलेल्या दोन नागमोडी रेघांचे चित्र असते. त्या क्षणी चालकाचे डोळे रस्त्यावर असतात आणि तसेच असायला हवेत. त्यामुळे पुष्कळदा तो दिवा लागून गेल्याचेही त्याच्या लक्षात येत नाही. तेवढ्या अर्ध्या-पाऊण सेकंदात गाडीने आपणहून एका चाकाचा ब्रेक लावलेला असतो, इंजिनाचा जोर थोडा कमी केलेला असतो आणि घसरू लागलेली चाल पुन्हा रेषेत आणलेली असते. हा दिवा म्हणजे रस्त्याची पकड संपत आल्याची सूचना आहे, हे ज्याला ठाऊक असते तो पुढच्या वळणाआधी वेग उतरवतो. ज्याला ठाऊक नसते तो पुढचे वळणही त्याच वेगाने घेतो, आणि पुढच्या वळणावर गाडीला वाचवायला पुरेशी पकड शिल्लक असेलच असे नाही.

नाशिकच्या चहूबाजूंनी घाट, पाऊस, काळी माती आणि ट्रॅक्टरची वर्दळ असल्यामुळे ही यंत्रणा, म्हणजे ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल, इथल्या चालकाला वर्षभर उपयोगी पडते. तरीही गाडी घेताना आपण तिच्याविषयी फारसे विचारत नाही आणि पुढे ती कशी वापरायची हेही कोणी नीट सांगत नाही. म्हणून ती काय करते, काय करू शकत नाही आणि चालकाने तिला साथ कशी द्यावी, हे इथे सविस्तर मांडते.

पकड किती असते, हे आधी समजून घ्यावे

मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्याच जागेत टेकलेला असतो. सव्वा-दीड टनाची गाडी, आत बसलेली माणसे आणि डिकीतले सामान या सगळ्याचा वेग वाढवणे, त्यांना थांबवणे आणि वळवणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांखालच्या घर्षणावर चालतात. ही तिन्ही कामे एकाच शिलकीतून खर्च करतात, हे विशेष लक्षात ठेवावे. टायरची सगळी पकड ब्रेक लावण्यात खर्ची पडली तर वळण्यासाठी काही उरत नाही. वळणावर ती आधीच काठोकाठ वापरली जात असताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला तर टायर घसरतो.

ही शिल्लक रस्त्यागणिक किती बदलते ते आकड्यांत पाहू. एका सपाट वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे असे समजा. कोरड्या, चांगल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे रस्ता किती पकड देतो ते सांगणारा आकडा, सुमारे ०.८ धरला तर ते वळण ताशी ७० किलोमीटरच्या आसपासच्या वेगापर्यंतच घेता येते, मग गाडी कितीही महागडी असो. पावसाने रस्ता ओला होऊन गुणांक ०.४ वर आला की ही मर्यादा ५० वर येते. त्यावर एखाद्या ट्रकमधून डिझेल सांडले असेल किंवा शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने चिखलाचा थर पसरवला असेल, आणि गुणांक ०.२ धरावा लागला, तर मर्यादा ३५ वर उतरते. वळण तेच, गाडी तीच, चालक तोच, पण वेगाची मर्यादा निम्म्यावर आली. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड या द्राक्षपट्ट्यातल्या रस्त्यांवर हा फरक शंभर पावलांत घडतो: डांबर कोरडे ठणठणीत असते आणि बागेच्या फाट्यापाशी अचानक काळ्या मातीचे ओले पट्टे लागतात.

पुढे वर्णन केलेली सर्व यंत्रणा ही शिल्लक चार चाकांमध्ये शहाणपणाने वाटते. ती शिल्लक वाढवण्याचे सामर्थ्य तिच्याजवळ नाही. एवढी एक गोष्ट पक्की समजली की बाकीचे सगळे सोपे होते.

पाया एबीएसचा आहे

ब्रेक जोरात दाबल्यावर चाक फिरायचे थांबून नुसते फरफटू लागले, तर ते गाडी थांबवण्याचे काम कमी करते आणि वळवण्याचे काम तर जवळजवळ सोडूनच देते. चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित मंद, म्हणजे दहा ते वीस टक्के घसरत फिरत असते तेव्हा त्याची पकड सर्वांत जास्त असते. एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम), म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, चाकाला याच पट्ट्यात ठेवण्याचा प्रयत्न करते. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर त्या चाकाचा वेग मोजत असतो. एखादे चाक एकाएकी मंदावू लागले की संगणक त्याच्या ब्रेकचा दाब क्षणभर रोखतो, सोडतो, पुन्हा वाढवतो. आणि हे एका सेकंदात अनेकदा घडते. पायाखाली ब्रेकचे पेडल थरथरते आणि खडखड आवाज येतो तो यामुळेच. पहिल्यांदा हा अनुभव घेणारे अनेक जण दचकून पाय उचलतात, आणि नेमका तोच मोठा घात असतो. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक पूर्ण ताकदीने दाबावा, दाबून धरावा आणि अडथळा चुकवण्यासाठी स्टिअरिंग वळवावे. जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांना ब्रेक पुन्हा पुन्हा मारून सोडण्याची सवय असते. ती इथे मोडावी लागते.

बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी मिळून १९७८ साली इलेक्ट्रॉनिक एबीएस मोटारींसाठी बाजारात आणले. बॉश हे नाव नाशिककरांना वेगळे सांगायला नको. तिच्या सातपूरच्या कारखान्याला अजूनही पुष्कळ जण कंपनीच्या जुन्या नावाने 'मायको' म्हणतात आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या मायको सर्कलला तेच नाव चिकटले आहे. सातपूरचा तो कारखाना डिझेल इंजिनांच्या इंधन-यंत्रणेचे भाग बनवणारा. पण गाडीतल्या लहान-मोठ्या कामांची सूत्रे यंत्रणेच्या हाती देण्याची जी परंपरा त्या कंपनीने घडवली, तिच्याशी आपल्या शहराचे हे नाते मला नेहमी जवळचे वाटते. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत हा पाया असतोच. मात्र सैल खडीवर किंवा जाड मातीवर एबीएस असलेली गाडी थांबायला उलट थोडे जास्त अंतर घेऊ शकते, कारण फरफटणारे चाक आपल्यापुढे खडीचा ढीग जमवते आणि फिरणारे चाक त्यावरून पुढे जाते. रस्त्याचे काम चालू असलेल्या ठिकाणी पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावे ते यासाठी.

ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक असलेली गोष्ट

पुढचे तत्त्व समजून घेण्यासाठी द्राक्षबागेतला ट्रॅक्टर पाहावा. ओळीच्या टोकाला पोहोचल्यावर ट्रॅक्टर अगदी थोड्या जागेत वळवायचा असतो. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या मागच्या चाकासाठी दोन वेगळी ब्रेक-पेडले असतात. चालक स्टिअरिंग वळवतो आणि आतल्या बाजूच्या चाकाचा ब्रेक दाबतो. ते चाक जवळजवळ जागीच अडते, दुसरे फिरत राहते आणि ट्रॅक्टर त्या अडलेल्या चाकाभोवती गर्रकन वळतो. रस्त्यावर येताना दोन्ही पेडले पट्टीने एकत्र जोडावी लागतात, कारण वेगात असताना चुकून एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटण्याची भीती असते. बागेच्या बांधावर उभे राहून हे वळणे पाच मिनिटे पाहिले, तरी एका चाकाचा ब्रेक लावून वाहनाची दिशा बदलता येते हे डोळ्यांना पटते.

स्टॅबिलिटी कंट्रोल मोटारीत हेच करते, फक्त चारही चाकांवर, चालकाने पेडलला पायही न लावता आणि मोजूनमापून. एबीएसच्या दाब-यंत्रणेत प्रत्येक चाकासाठी दोन, असे साधारण आठ विजेवर चालणारे व्हॉल्व्ह असतात. स्टॅबिलिटी कंट्रोल असलेल्या नेहमीच्या रचनेत ते बारा असतात, आणि वाढलेल्या व्हॉल्व्हमुळे व पंपामुळे ही यंत्रणा हव्या त्या एका चाकापर्यंत ब्रेकचा दाब स्वतः निर्माण करून पोहोचवू शकते. एबीएस चालकाने दिलेला दाब कमी करू शकते. ही यंत्रणा नवा दाब तयार करते. दोहोंमधला खरा फरक हा आहे.

ट्रॅक्शन कंट्रोल: चाक जागीच फिरू लागते तेव्हा

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत आम्ही गेलो होतो. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला वाट देताना गाडीचे पुढचे डावे चाक रस्त्याच्या कडेच्या काळ्या मातीत गेले. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते चाक सुर्रकन फिरायचे, चिखलाचा फवारा दारापर्यंत उडायचा आणि डांबरावर असलेले उजवे चाक मात्र निश्चल राहायचे. असे होण्याचे कारण डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा दातेरी चक्रांचा संच. वळताना आतले आणि बाहेरचे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू शकावे म्हणून डिफरन्शियल असतो, पण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. चिखलातले चाक अगदी थोड्या जोराने फिरू लागते, म्हणून डांबरावरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो, आणि तेवढ्याने गाडी हलत नाही.

ट्रॅक्शन कंट्रोल इथे दोन उपाय करते. वेगाने फिरणाऱ्या चाकाला ती ब्रेक लावते. त्या चाकाला अडवल्यामुळे ते फिरवायला जास्त जोर लागू लागतो, आणि डिफरन्शियल दोन्हीकडे सारखा जोर देत असल्याने तेवढाच जोर डांबरावरच्या चाकालाही मिळतो व गाडी पुढे सरकते. दुसरा उपाय म्हणजे इंजिनाचा जोर कमी करणे: थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, थोडा मिटवला जातो, इंधन कमी केले जाते किंवा पेट्रोल इंजिनात ठिणगी उशिरा पाडली जाते. सातपूर किंवा अंबडच्या ओल्या चौकात सिग्नल सुटल्यावर घाईने निघताना जर गाडी क्षणभर दमल्यासारखी वाटली, तर बहुधा हा दुसरा उपाय चालू असतो. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबणे व्यर्थ आहे. पाय किंचित सैल केला की चाकाला पकड मिळते आणि गाडी उलट लवकर निघते.

स्टॅबिलिटी कंट्रोल: चालकाचे म्हणणे आणि गाडीचे वागणे

ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल), ईएसपी, व्हीएससी, व्हीएसए, डीएससी ही एकाच यंत्रणेची वेगवेगळ्या कंपन्यांनी दिलेली नावे आहेत. बॉश आणि मर्सिडीज यांनी ती १९९५ मध्ये एका महागड्या मोटारीत आणली. ती सर्वसामान्यांच्या गाडीपर्यंत पोहोचण्यास एक प्रसंग कारणीभूत ठरला. १९९७ साली स्वीडनमधल्या एका मोटार-नियतकालिकाने, रस्त्यात अचानक आलेला मोठा सांबरासारखा प्राणी चुकवावा तसे डावी-उजवीकडे झटके देऊन मर्सिडीजच्या नव्या ए-क्लास या लहान मोटारीची चाचणी घेतली आणि ती मोटार उलटली. कंपनीने गाड्यांची सोपवणी थांबवली, त्यांत सुधारणा केल्या आणि ही यंत्रणा त्या लहान मोटारीत सरसकट बसवली. आपल्याकडे घाटात अचानक आडवे येणारे जनावर किंवा उलट दिशेने आलेली दुचाकी चुकवताना नेमका तसाच झटका बसतो, म्हणून ही चाचणी मला परकी वाटत नाही.

यंत्रणेचे काम एका तुलनेवर चालते. चालकाला कुठे जायचे आहे हे स्टिअरिंगच्या कोनावरून, चाकांच्या वेगावरून आणि ब्रेकच्या दाबावरून ठरवले जाते. गाडी खरोखर कुठे चालली आहे हे दुसरे दोन सेन्सर सांगतात: एक गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगाने वळते आहे ते मोजतो, आणि दुसरा तिच्यावर आडव्या दिशेने किती ओढ पडते आहे ते मोजतो. संगणक ही तुलना एका सेकंदात सुमारे पंचवीस वेळा करतो. म्हणणे आणि वागणे जुळत असेल तोपर्यंत तो काहीच करत नाही. त्यांत ठराविक मर्यादेपलीकडे फरक पडला की तो हस्तक्षेप करतो.

हा फरक दोन प्रकारचा असतो. पहिल्यात पुढची चाके घसरतात: स्टिअरिंग वळवलेले असते, पण गाडी वळणाच्या बाहेर, सरळ जाऊ पाहते. अशा वेळी यंत्रणा प्रामुख्याने आतल्या बाजूच्या मागच्या चाकाचा ब्रेक लावते आणि ट्रॅक्टरसारखी गाडी आत ओढली जाते. दुसऱ्या प्रकारात मागची चाके घसरतात: गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि ती भोवऱ्यासारखी फिरू पाहते. तेव्हा बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावून हे फिरणे आवरले जाते. दोन्ही वेळा इंजिनाचा जोरही गरजेप्रमाणे कमी केला जातो. दुसरा प्रकार चालकाला अधिक घाबरवणारा आणि अधिक घातक असतो, कारण रस्त्यावर आडवी झालेली गाडी समोरच्या वाहनापुढे बाजू करून जाते, आणि बाजूने बसणारा आघात मोटारीला सर्वांत कमी पेलवतो. अमेरिकेतल्या महामार्ग-सुरक्षेच्या विमा संस्थेच्या अभ्यासांत या यंत्रणेमुळे एकाच वाहनाच्या प्राणघातक अपघातांची शक्यता सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे आढळले आहे. तिथे २०१२ च्या मॉडेलपासून, आणि युरोपमध्ये २०१४ च्या अखेरीपासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची आहे.

चालकाने काय करावे

यंत्रणा स्टिअरिंगच्या कोनाला चालकाचा हेतू समजते, यातून सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो: गाडी घसरू लागली तर जिकडे जायचे आहे तिकडे पाहावे आणि तिकडेच स्टिअरिंग वळवावे. घाबरून स्टिअरिंग गच्च धरून ठेवले तर 'सरळ जायचे आहे' असा अर्थ घेतला जातो. भीतीने जोरात उलटसुलट फिरवले तर तोही हेतूच मानला जातो आणि यंत्रणा त्यामागे धावत राहते. हात स्थिर असावेत, हालचाल गुळगुळीत असावी आणि नजर दरीकडे किंवा कठड्याकडे न जाता रस्त्याच्या मोकळ्या भागाकडे असावी, कारण हात नजरेच्या मागे जातात. पुढची चाके घसरत असतील तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय सैल करावा आणि स्टिअरिंग आणखी आणखी वळवत बसू नये. वळवलेले चाक घसरत असेल तर जास्त वळवल्याने ते आणखीच घसरते. अडथळाच समोर आला असेल तर ब्रेक पूर्ण दाबावा आणि सोबत स्टिअरिंग वळवावे. वाटणीचे काम यंत्रणेवर सोपवावे.

घाट उतरण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण इथली एक चूक फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी दोन्ही यंत्रणा गाडीच्या त्याच ब्रेकवर काम करतात जे चालक पायाने वापरतो. कसारा घाट, किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाऊन परत येतानाचा उतार, सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर ब्रेक तापतात, त्यांची ताकद घटते, आणि मग ज्या क्षणी एका चाकाला अचूक ब्रेक लावण्याची गरज पडते त्या क्षणी यंत्रणेच्या हातातले साधनच दुबळे झालेले असते. ब्रेक फार तापल्याचा अंदाज आला तर अनेक गाड्यांमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल ब्रेक लावण्याचे काम काही काळ थांबवते. म्हणून उतारावर ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरावे, वेग इंजिनानेच आवरू द्यावा आणि ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, थोडा वेळ पण ठामपणे लावून सोडावा. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून घाट उतरणारे चालक आपल्याकडे अजूनही आहेत. ते स्वतःचे इंजिन-ब्रेकिंग गमावतात आणि सुरक्षा-यंत्रणेचे हातही बांधतात.

सरळ महामार्गाचा धोका वेगळा. मुंबई-आग्रा महामार्गावर पावसात साचलेल्या पाण्याच्या थरावर टायर चढतो आणि रस्त्यापासून सुटतो, तेव्हा चाकाला लावलेल्या ब्रेकला काहीच अर्थ उरत नाही, कारण पाण्यावर तरंगणाऱ्या चाकाकडे पकडच नसते. झिजलेल्या टायरवर हे बऱ्याच कमी वेगाला घडते. स्टिअरिंग एकाएकी हलके झाले की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून हळूच उचलावा, ब्रेक मारू नये आणि स्टिअरिंग सरळ धरून पकड परत येऊ द्यावी. पावसात क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, बंदच ठेवावा. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर गाडीला थांबायला सुमारे ७० मीटर लागतात आणि ओल्यावर सुमारे १४० मीटर, यात चालकाला धोका कळून त्याने पेडल दाबेपर्यंतचे अंतर धरलेले नाही. हे अंतर कमी करणारी कोणतीही कळ डॅशबोर्डवर नाही.

बंद करण्याची कळ केव्हा वापरावी

बहुतेक गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याची कळ असते, आणि तिचा उपयोग फार थोड्या प्रसंगी होतो. दिंडोरीच्या त्या चिखलात आमच्या गाडीने काही वेळ प्रयत्न केला, पण माती इतकी खोल होती की यंत्रणा दर वेळी इंजिनाचा जोर काढून घेत होती आणि गाडी जागीच दमत होती. खोल चिखल, सैल वाळू यांत चाक थोडे फिरत राहिले तरच गाडी बाहेर येते. तेव्हा यंत्रणा बंद केली, स्टिअरिंग सरळ केले, छाटणीच्या काड्यांची एक मोळी बागायतदाराने चाकापुढे पसरली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि क्लच हळू सोडत, इंजिन न गुरगुरवता, ती डांबरावर आणली. चाके रस्त्याला लागताच कळ पुन्हा दाबून यंत्रणा चालू केली. हे शेवटचे पाऊल विसरू नये. अनेक गाड्यांत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर किंवा ठराविक वेग ओलांडल्यावर यंत्रणा आपोआप चालू होते, पण त्यावर विसंबून राहू नये. काही गाड्यांत कळ एकदा दाबल्याने फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते आणि काही सेकंद दाबून धरल्यास स्टॅबिलिटी कंट्रोलही बंद होते. आपल्या गाडीत काय होते हे मालकाच्या पुस्तिकेत आधी पाहून ठेवावे. पक्क्या रस्त्यावर, विशेषतः पावसात, ती बंद करण्याचे एकही कारण मला माहीत नाही.

दिवा आणि देखभाल

लुकलुकणारा दिवा म्हणजे यंत्रणा या क्षणी काम करत आहे. सतत जळणारा दिवा म्हणजे ती बंद केली आहे किंवा तिच्यात बिघाड आहे. बंद असल्याचे दाखवण्यासाठी त्याच चित्राखाली इंग्रजीत 'ऑफ' लिहिलेले असते. बिघाडाचा दिवा असताना साधे ब्रेक बहुधा चालतात, पण लाल ब्रेकचा दिवाही सोबत लागला असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी.

एका प्रसंगाने मला या दिव्याचे महत्त्व शिकवले. खड्ड्यात चाक आपटल्यावर शहरातल्या एका दुकानात पुढचे दोन टायर बदलून व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, करून घेतली. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीच्या अलीकडे अगदी सौम्य वळणावर दिवा लुकलुकला आणि गाडी किंचित एका बाजूला ओढल्यासारखी वाटली; परतताना दिवा कायमचा लागला. स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही बोटभर डावीकडे कललेले होते. चाकांचा कोन बदलला, पण स्टिअरिंगच्या सेन्सरला 'सरळ म्हणजे कोणते' हे नव्याने शिकवलेच नव्हते, त्यामुळे मी सरळ जात असताना संगणकाला मी वळत आहे असे वाटत होते. दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडीच्या संगणकाशी बोलणारा स्कॅनर जोडून सेन्सरचा शून्य-बिंदू पुन्हा ठरवायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. म्हणून अलाइनमेंट झाल्यावर हा प्रश्न आवर्जून विचारावा, आणि दुकानातून निघाल्यावर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध आहे का ते लगेच पाहावे.

चारही टायर एकाच मापाचे आणि शक्यतो सारख्याच झिजेचे असावेत. एक टायर वेगळ्या मापाचा असेल तर त्याचे चाक वेगळ्या गतीने फिरते आणि संगणकाला ते घसरत असल्याचा भास होतो. टायरच्या खाचांची खोली कायद्याप्रमाणे किमान १.६ मिलिमीटर असायला हवी, पण पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरपेक्षा कमी राहिलेला टायर घाटासाठी मी वापरणार नाही. हवेचा दाब दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना पाहावा. चाकांपाशी असलेल्या सेन्सरवर चिखलाचा लेप बसून किंवा त्याची वायर तुटूनही दिवा लागतो, म्हणून चिखलातून आल्यावर चाकांच्या आतली बाजू पाण्याने स्वच्छ धुवावी. ब्रेक-ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि मग तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी, पुस्तिकेत दिलेल्या प्रकाराचेच, बदलून घ्यावे. बॅटरी कमजोर झाली तरी हा दिवा सकाळी गाडी सुरू करताना लागतो. महागडा सुटा भाग बदलण्याआधी बॅटरी तपासून घ्यावी.

गाडी घेताना

भारत एनकॅप या २०२३ पासून सुरू झालेल्या, मोटारींच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी ईएससी असणे ही एक अट आहे. तरीही एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या श्रेणींत सुविधा बदलतात, म्हणून विक्रेत्याला 'या श्रेणीत ईएससी आहे का' असा नेमका प्रश्न विचारावा. 'एबीएस आहे' हे त्याचे उत्तर नव्हे. सनरूफ आणि मोठा पडदा असलेली, पण ईएससी नसलेली श्रेणी आणि त्याच किमतीत ईएससी असलेली साधी श्रेणी यांत निवड करायची झाली तर दुसरी घ्यावी, असे मी घरातल्या प्रत्येकाला सांगत आले आहे.

जुनी गाडी पाहायला गेलात तर इंजिन सुरू करण्याआधी किल्ली फिरवून किंवा बटण दाबून डॅशबोर्डकडे पाहावे. एबीएस आणि नागमोडी रेघांचा दिवा दोन्ही काही सेकंद लागून मग विझायला हवेत. विझलेच नाहीत तर बिघाड आहे. लागलेच नाहीत तर दिवा मुद्दाम झाकला किंवा काढला असण्याची शंका घ्यावी, आणि स्कॅनर जोडून तपासल्याशिवाय पैशाची बोलणी पुढे नेऊ नयेत.